बिनपरवानगीचा रविवार

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच धनंजय आला. आमच्या रुआबांधा कॉलनीच्या रहिवासी समितीचा तो सचिव. चाळिशीच्या आतला, बोलायला गोड. चप्पल काढता काढताच म्हणाला, "काकाजी, आपलं काम होऊन राहिलं. सरकार कायदा आणून राहिली."

कायदा उघड्यावरच्या पार्ट्यांचा. बिनपरवानगी, डीजे लावून, शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर आणि फार्महाउसवर ज्या होतात त्यांचा. गेल्या महिन्यात अशाच एका पार्टीत चाकू चालला, एक पोरगा अजून दवाखान्यात आहे. तेव्हापासून पेपरात हेच. आता राजधानीतून मसुदा आला आहे आणि लोकांच्या सूचना मागवल्या आहेत. पोलिसांचे अधिकार वाढणार. समितीला आपली बाजू मांडायला एक अध्यक्ष पाहिजे.

"तुमच्यापेक्षा जास्त हक्क कोणाचा आहे, काकाजी?"

मी हो म्हणालो.

आमचा पियूष अशाच एका पार्टीतून परत आला नाही. मरोद्याच्या तलावापलीकडे रविवारी पोरं जमत, हा तिथे आवाजाचे बॉक्स लावायचा आणि मिक्सरवर गाणी वाजवायचा. संध्याकाळी मोटरसायकल ट्रकखाली गेली. ट्रक सापडला नाही. त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. कॉलनीत म्हणाले, नशेत होता. तो शब्द मी घरात काढत नाही.

पोलाद प्लांटमध्ये होतो तेव्हा रूळ बनवणाऱ्या रेल मिलच्या शिफ्टची नोंद मी लिहायचो. रिटायर झाल्यापासून हाताला काम नव्हतं. आता अध्यक्ष झालो तर रोजचं लिहून ठेवावं म्हणून ही डायरी काढली. बोलताना माझ्या तोंडी आमची नागपुरीच असते, पण पेन हातात घेतला की शाळेतली मराठी येते. मास्तरांची भीती अजून गेलेली नाही.

जेवण झाल्यावर ललिता कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा मोठा डबा भरून कॅम्प-१ वस्तीत सिंधुताईकडे गेली. सिंधुताई तिची मोठी बहीण. दिवाळीपासून दर रविवारी जाते. चांगलंच आहे. त्याआधी वर्षभर ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

मसुदा वाचला. आम्ही हिंदी मुलखात राहतो, त्यामुळे मसुदा हिंदीत आहे, पण अशी हिंदी मी कधी ऐकली नाही. ठरावीक संख्येहून जास्त माणसं खुल्या जागी आवाजाच्या साधनांसह जमली आणि परवानगी नसेल, तर पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय आत जाऊ शकतो, सामान जप्त करू शकतो, जमलेल्यांना उठवू शकतो. "जमण्याची शक्यता वाटल्यास" सुद्धा. शक्यता कोणाला वाटली पाहिजे, ते दोनदा वाचूनही कळलं नाही. बहुतेक साहेबाला.

ललिता समोर तूरडाळ निवडत बसली होती. तिला वाचून दाखवलं.

"आयोजक म्हणजे कोण जी?" तिनं विचारलं.

"ज्यानं भरवलं तो."

"आन जो नुसता जाऊन बसते तो?"

"तो सहभागी. त्याले बी उठवू शकते."

"आन कोणी खायाचं घेऊन गेलं तं?"

मी कलम शोधलं. "साहित्य, जागा, वाहन अथवा खाद्यपदार्थ पुरवणारा. तो मदत करणारा. त्याले बी लागू."

"अस्सं," म्हणाली आणि डाळीतला खडा काढून खिडकीबाहेर टाकला.

माझ्या कामात तिने पहिल्यांदाच इतका रस घेतला. बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज विहारात हिरालालने गाठलं. आम्ही एकाच वर्षी प्लांटला लागलो, आता तो विहाराचं सगळं पाहतो. जयभीम झाला, मग त्याने मला बाहेरच्या ओट्यावर नेलं.

"आनंदभाऊ, तू कायद्यावाल्यांचा अध्यक्ष झाला म्हणे."

"पार्ट्यांच्या विरोधात आहे, हिरालाल. आपला काय संबंध?"

"चौदा एप्रिलले आपण काय करतो? मैदानात मांडव टाकतो, बॉक्स लावतो, भोजनदान करतो. पोरं-पोरी नाचते. उघड्यावरच ना?"

"आपण परवानगी घेतो."

"घेतो. मागच्या साली कधी भेटली? आदल्या दिवशी संध्याकाळी. नसती भेटली तं?" त्याने आवाज खाली आणला. "आपले लोक आजवर उघड्यावरच जमले, भाऊ. हॉल कोण देत होतं आपल्याले?"

मी म्हणालो, जयंतीला कोण हात लावेल? तो म्हणाला, कागदात जयंती वेगळी लिहिली आहे का, दाखव. घरी येऊन पाहिलं. धार्मिक कार्यक्रमांना "यथोचित" सूट आहे. यथोचित म्हणजे किती ते पुढच्या पानावरही नाही.

धनंजयला फोन केला. तो हसला. "काकाजी, ते आपल्यासाठी थोडीच आहे! ते त्या लोकांसाठी आहे."

फोन ठेवल्यावर वाटलं, त्या लोकांमध्ये कोण कोण येतं ते विचारायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी धनंजयने त्याच्या गाडीवर मला मरोद्याला नेलं. पियूष गेल्यानंतर मी त्या रस्त्याला पहिल्यांदाच गेलो. ट्रकची जागा कोणती ते मला माहीत आहे, म्हणून तिथे डोळे मिटले.

तलावापलीकडे मोकळ्या मैदानात पोरं होती. पार्ट्या बंद झाल्या असं मला वाटत होतं, तर त्या जोरात चालू! बाभळीखाली आवाजाचे बॉक्स, एक पोरगी मिक्सरवर. नाचत होते, काही नुसते जमिनीवर बसून गप्पा मारत होते. दूर झाडामागे दोघं बाटली घेऊन उभे होते. धनंजयने मोबाइलवर व्हिडिओ घेतला तो बहुतेक त्या दोघांचाच.

मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई आमच्याकडे पाठ करून बसली होती, उन्हासाठी पदर डोक्यावर. पोरं येऊन तिच्याकडून काही घेऊन खात होती. नाश्ता विकणारी असावी. "पाहा, धंदा बी सुरू झाला," धनंजय म्हणाला.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. मध्ये एक ठेका वाजला. ढोलकीसारखा सुरू होतो, मग एक घाव चुकवतो. तो मी कुठेतरी ऐकलेला आहे, भिंतीपलीकडून ऐकल्यासारखा. माझी बोटं मांडीवर चालायला लागली. धनंजयने पाहिलं तेव्हा मी हात खिशात घातला.

परत येऊन पोलीस ठाण्यासाठी तक्रार लिहिली. अध्यक्ष म्हणून खाली माझी सही.

ललिता दिवे लागताना आली. आवाज बसलेला, पायाला मुरमाची लाल धूळ. "सिंधुताईशी भांडण झालं का?" मी विचारलं. "बोलून बोलून बसला," म्हणाली आणि पाय धुवायला गेली. कॅम्पातले रस्ते पुन्हा खोदून ठेवले असतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सिंधुताईंचा फोन आला, ललिता भाजी आणायला गेली होती. इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "ललिताले म्हना, एखाद्या दिवशी येत जा. दिवाळीपासून तोंड नाही दाखवलं तिनं."

मी बरं म्हणालो. परवाच तर ती दुपारभर तिथे होती. सिंधुताईंचं वय झालं, स्मरण चाललं. त्यांच्या मुलाला सांगायला पाहिजे की डॉक्टरला दाखव. ललिताला हे सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आठ मार्चला कायद्यावर जनसभा आहे. आमदार येणार आणि मी बोलणार. आज कॉलनीच्या चौकात फ्लेक्स लागला. समितीचं नाव, "सख्त कानून चाहिए", आणि मध्ये पियूषचा फोटो. हार घातलेला नाही, हसतानाचा आहे. गेल्या आठवड्यात धनंजयने मागितला तेव्हा मीच मोबाइलमधून पाठवला होता.

एवढा मोठा पियूष मी कधी पाहिला नव्हता. दात माणसाच्या पंजाएवढे.

ललिता बाजारातून आली. पिशवी ठेवली नाही, हातातच होती.

"फोटो कोणाले विचारून देला?"

"सभेसाठी आहे. लोकांले समजलं पायजे."

"काय समजलं पायजे?"

मी पेपरची घडी घालायला लागलो. ती म्हणाली, "त्याच्याखाली लिहिलं काय ते वाचलं का तुमी? नशे का शिकार."

ते मी वाचलं नव्हतं. खाली बारीक अक्षरात होतं. मी धनंजयला ती ओळ काढायला सांगतो म्हणालो. फोन केला, तर तो म्हणाला, काकाजी, छापून झालं आता.

ललिता आज जेवली नाही. मीही थोडंच जेवलो. पण ती माझ्यावर का रागावली ते नीट समजलं नाही. फोटोवर की त्या ओळीवर? आणि ओळ खोटी तर नाही. की आहे? मी तिथे नव्हतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

भाषण लिहायला बसलो. "मैं एक बाप हूँ" याच्या पुढे सरकलो नाही.

२ मार्च, रविवार

काय झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारचा चहा घेत होतो. ठाण्यातून हवालदार केवलराम यांचा फोन. तक्रार द्यायला गेलो होतो तेव्हा ओळख झाली होती. म्हणाले, "रामटेकेजी, मरोदा वाले ग्राउंड में कार्रवाई हो गई। आप थाने आ जाइए।" मला वाटलं, तक्रारदार म्हणून बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

ठाण्याच्या व्हरांड्यात पोरं-पोरी भिंतीला टेकून बसली होती. बाजूला बॉक्स, वायरींची गुंडाळी. आणि बाकावर, डबा मांडीवर घेऊन, ललिता.

मला पहिल्यांदा हेच वाटलं की ती रस्त्याने जात असेल आणि गर्दीत सापडली असेल.

"तू इथं कशी?"

"जशे हे सारे आले तशी."

केवलराम गडबडून मध्ये आले. इथले लोक आईला दाई म्हणतात. "साहब, दाई को हमने नहीं पकड़ा। हम बोले, आप घर जाइए। अपने से गाड़ी में चढ़ गईं। बोलीं, बच्चों को ले जा रहे हो तो मैं भी बैठूँगी।"

"पर किसलिए? ये वहाँ क्या कर रही थी?"

केवलरामनी ललिताकडे पाहिलं, ललिताने माझ्याकडे. एक पोरगी उठून उभी राहिली. मिक्सरवर होती तीच. "आंटी तो हर संडे आती हैं, अंकल."

हर संडे. सांबारवडी. सिंधुताईंचं स्मरण चांगलं आहे.

मी केवलरामना म्हणालो, ह्यांना सोडा, चूक झाली. ते म्हणाले, "शिकायत तो आप ही की है, साहब. आपका ही दस्तखत है." मोठ्याने बोलले नाहीत, पण व्हरांडा लहान आहे. सगळ्यांनी ऐकलं. पोरांच्या चेहऱ्यांकडे मी पाहिलं नाही. ललिताचा चेहरा पाहिला. तिला नवल वाटलं नव्हतं. तक्रार माझी, हे तिला आधीच माहीत होतं, आणि तरी ती दर रविवारी मला जेवण वाढून जात होती.

नावं-पत्ते लिहून सगळ्यांना समज देऊन सोडलं. बॉक्स ठेवून घेतले. नवा कायदा अजून आलेला नाही म्हणून एवढ्यावर झालं, असं ठाणेदार म्हणाले. आला असता तर? ते हसले. "आप ही लोग तो ला रहे हैं."

३ मार्च, सोमवार

त्या पोरीचं नाव करिष्मा. लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, कॅम्प-१ ला राहते. काल ठाण्याबाहेर तिने मला थांबवलं. घरी मराठी बोलणारी आहे, पण बाहेर हिंदीत सरकते.

"काका, एक बात बोलू? त्या दिवशी पियूष मले घरी सोडायले आला होता. पार्टीत गेली म्हणून माझा भाऊ चिडला होता, मी अकेली जायले घाबरत होती. उसने मुझे गली तक छोड़ा. मग बॉक्स काढायले परत ग्राउंडवर जाऊन राहिला होता. कुछ नहीं पिया था उसने. एक घूँट नहीं."

"तू तवाच कावून नाही सांगतलं?"

"आली होती ना. तो गेला त्याच हप्त्यात. तुम्ही गेटवर होते. बोले, पार्टीवाल्यांनी या घरात पाय ठेवू नये."

मला आठवत नाही. असेल. त्या दिवसांत कोण आलं कोण गेलं काही आठवत नाही.

मग ललिता आणि मी घरी निघालो. रिक्षात डबा दोघांच्या मध्ये होता. घरी आल्यावर मी विचारलं, तुला हे कधीपासून माहीत?

"दिवाळीपासून. तुमी जबरीनं सामान आणाले धाडलं होतं, तवा करिष्मा भाजीबाजारात भेटली. मंग मी म्हटलं, मले ती जागा दाखव. हे पोरं पियूषचंच वाजवते तिथं. त्यानं बनवून ठेवलेलं गाणं. दर रविवारी एक तरी."

मग तो ठेका. भिंतीपलीकडचा.

"आन मले सांगतलं नाही."

तिनं पदराचं टोक दुमडलं. "तुमी रागावरच उभे होते जी. तो बी काढून घेतला असता तं तुमी पडले असते."

५ मार्च, बुधवार

काल काहीच लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं.

आज विचार करतो तो असा. पियूष प्यायलेला नव्हता. चांगलं काम करायला गेला होता. मग राग कोणावर? ट्रकवाल्यावर, पण तो सापडलाच नाही. करिष्मावर? ती लेकरू आहे. तिच्या भावावर? त्याला तर मी पाहिलंही नाही. पार्टी नसती तर पियूष त्या रस्त्यावर नसता, हे अजूनही खरं आहे. आणि पार्टी नसती तर ललिता अजून उंबऱ्याच्या आत असती, हेही खरं आहे. दोन्ही खरी वाक्यं एकाखाली एक लिहिली. बेरीज होत नाही.

झाडामागचे ते दोघं बाटलीवाले? ललिताला विचारलं. म्हणाली, "येते कधी. करिष्मा हाकलून देते, तरी येते. सारे काही देवमाणसं नाही तिथं." म्हणजे धनंजयचा व्हिडिओही खोटा नाही.

फार्महाउसवर चाकू लागलेला तो पोरगाही आहेच की. त्याच्या आईला जाऊन काय सांगू? की कायदा नको?

दुपारी धनंजय आला. त्याला सगळं कळलं होतं. "काकाजी, काकूंचं कोणाले समजू देऊ नका. सभेपर्यंत. नाही तं कमजोर होईन आपली केस."

ललिता स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काकूचं सांगा तुमी सभेत," म्हणाली. "काकूले काही लाज नाही."

धनंजय चहा न घेता गेला.

८ मार्च, शनिवार

सभा झाली.

कॉलनीच्या मैदानात मांडव, स्टेज, खुर्च्या. दोन मोठे बॉक्स. माझ्या डोक्यात आलं, हेसुद्धा उघड्यावरच आहे. परवानगी घेतली असेलच म्हणा. मागे चौकातून आणलेला तोच फ्लेक्स, आणि मी त्याच्याखाली.

आमदार बोलले. चांगलं बोलले, टाळ्या पडल्या. मग माझं नाव. खिशात लिहिलेलं भाषण होतं, धनंजयने पूर्ण करून दिलेलं. काढलं. पहिलं वाक्य वाचलं, "मैं एक बाप हूँ." आणि पुढची अक्षरं दिसेनात. चष्मा डोळ्यांवरच होता.

मग जे तोंडात आलं ते बोललो. हिंदीत सुरू केलं आणि मराठीत गेलो. म्हणालो, चाकू चालतो तिथं पोलीस गेलेच पायजे. पोरीबाळींले त्रास होतो तिथं गेलेच पायजे. त्याले माझा पाठिंबा आहे. पण माझी बायको सांबारवडीचा डबा घेऊन मैदानात बसते, ती या कागदात कुठं बसते? ती मदत करणारी आहे का सहभागी आहे? साहेबाले शक्यता वाटली तर म्हणजे कोणती शक्यता? चौदा एप्रिलले आम्ही जमतो, तिथं यथोचित म्हणजे किती? मले समजत नाही म्हणून विचारून राहिलो. कोणाले समजलं असन तं सांगा.

काही लोक हसले. हिरालाल हसला नाही, तो उभा राहिला. त्याच्यामागे विहारातले अजून काही उभे राहिले. मी म्हणालो, "आन एक. माझा मुलगा नशेत नव्हता. हे खाली लिहिलेलं चूक आहे."

धनंजयने माइक घेतला. "रामटेकेजी थोड़े भावुक हो गए हैं," म्हणाला आणि पाठीवर हात ठेवून मला खाली उतरवलं. पुढे कायद्याला पाठिंब्याचा ठराव झाला. एकमताने, असं माइकवरून सांगितलं. माझा हात वर नव्हता, हिरालालचाही नव्हता. पण मोजलं कोणी नाही.

लोक गेल्यावर मी स्टेजच्या मागे जाऊन फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागलो. गाठी पक्क्या होत्या. हिरालाल आला, त्याने दुसऱ्या बाजूने सोडल्या. दोघांनी गुंडाळून सायकलला बांधला.

घरी ललिताने तो अर्धा उलगडून पाहिला, पुन्हा गुंडाळला. "अंथरता येत नाही, फेकता येत नाही," म्हणाली. सध्या तो कपाटामागे उभा आहे.

९ मार्च, रविवार

अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. धनंजयने घेतला. वाईट नाही वागला. म्हणाला, "काकाजी, मी चुकीचं काम करून नाही राहिलो. माझ्या बहिणीच्या मागं अशेच पार्टीवाले लागले होते मागच्या साली." हे मला माहीत नव्हतं. म्हणालो, तिला सांभाळ. तो म्हणाला, सांभाळूनच राहिलो आहे ना, त्याच्यासाठीच कायदा पायजे.

म्हणजे तोही बाप नसला तरी भाऊ आहे. डोकं अजूनच जड झालं.

ललिता दुपारभर घरी. डबा भरला नाही. पियूषच्या खोलीत जाऊन झाडून आली, पुन्हा गेली, पुन्हा झाडलं. मी दारात उभा राहिलो तर म्हणाली, "कचरा येते कुठून, समजत नाही."

मला तिची भीती वाटली. ते पहिलं वर्ष परत येतं की काय.

१२ मार्च, बुधवार

सकाळी ललिताला म्हणालो, चल. कुठं म्हणून विचारलं नाही, चप्पल घातली. करिष्माला फोन करून बोलावलं होतं, ती लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन आली. तिघं ठाण्यात.

ठाणेदार म्हणाले, "अब क्या शिकायत है?"

"शिकायत वापस, और परमिशन चाहिए. संडे का, मरोदा ग्राउंड."

त्यांनी पेन खाली ठेवला. मग केवलरामना हाक मारली, जणू साक्षीला. "आयोजक कौन रहेगा? नाम चाहिए. कुछ हुआ तो उसी को पकड़ेंगे."

करिष्माने तोंड उघडलं. तिच्या आधी मी माझं नाव सांगितलं. हे ठरवून आलो नव्हतो. फक्त अर्ज द्यायचा एवढंच ठरवलं होतं.

"किस उपलक्ष्य में?"

वाढदिवस नाही, पुण्यतिथी नाही, सण तर परवा होळीलाच होऊन जाणार. मी ललिताकडे पाहिलं.

"घरचा कार्यक्रम आहे," ती म्हणाली.

"पारिवारिक," केवलरामनी समजावलं. ठाणेदारांनी मान हलवली. अटी सांगितल्या. अंधार पडायच्या आत बंद, दारू दिसली तर तिथेच संपलं, आवाज कमी. किती कमी, मी विचारलं. "मतलब, कम." बॉक्स परत मिळाले. कायदा पुढच्या अधिवेशनात येणार म्हणतात. आला की हे सगळं कोणाच्या हातात राहील, कोण जाणे.

बाहेर आल्यावर करिष्मा ललिताच्या गळ्यात पडली. मी वायरींची गुंडाळी धरून उभा होतो, माझं काय काम आहे ते न कळून.

१६ मार्च, रविवार

त्या रस्त्याने गेलो. या वेळी डोळे उघडे ठेवले. नुसता रस्ता आहे. पलीकडे पानाची टपरी आहे, ती आधी होती की नाही आठवत नाही.

पोरं आधी माझ्यापासून लांबच राहिली. साहजिक आहे. त्यांची नावं ठाण्यात माझ्यामुळे लिहिली गेली. एकाने खुर्ची आणून दिली. ललिता सगळ्यांना वाढत होती आणि मोठ्यानं हसत होती. तो आवाज मी घरात ऐकला त्याला किती काळ झाला असेल, सांगता येणार नाही.

केवलराम बंदोबस्ताला आले होते. बाभळीखाली मोटरसायकल लावून तिच्यावरच बसले. ललिताने त्यांनाही ताट दिलं. त्यांनी आधी इकडे-तिकडे पाहिलं, मग खाल्लं.

बाटलीवाले दोघं आले. मी आयोजक, म्हणून मीच उठून गेलो. म्हणालो, आज नाही बाबू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकाने विचारलं, "आप पियूष के पापा हो ना?" आणि गेले. पुढच्या रविवारी येणार नाहीत, असं काही नाही.

मग ते सुरू झालं. ढोलकीसारखं सुरू होतं, मध्ये एक घाव चुकवतं. त्याच्या खोलीतून येणारं ते, मी भिंत ठोकून बंद करायला लावायचो ते. पोरं नाचायला लागली. मला पार्ट्या आवडत नाहीत, हे मी आजही लिहितो. या पोरांतल्या कोणाला तरी आज घरी जाताना काही होईल, ही भीती होती आणि अजून आहे.

केवलराम उठून आले. "रामटेकेजी, थोड़ा ज़्यादा हो रहा है. आप आयोजक हैं, कम करवाइए."

मी मिक्सरजवळ गेलो. करिष्मा बाजूला सरकली. "तुम्हीच करा काका. ये वाला." एक काळं बटण दाखवलं, गोल फिरणारं. पियूषचा हात दर रविवारी त्याच्यावर असायचा.

कोणत्या बाजूला फिरवलं की आवाज कमी होते, मले माहीत नव्हतं. विचारता आलं असतं, करिष्मा जवळच होती. नाही विचारलं. फिरवलं.

वाढला.

केवलरामनी तिकडून हात वर केला. मी पण हात वर केला, समजलं म्हणून. बटण तसंच राहू दिलं, ते गाणं संपेपर्यंत.